दुसऱ्यांदा पुकारलेलं नाव

नर्सिंग शिकवणाऱ्या टॅकेटबाईंनी कॉलेजच्या व्हरांड्यात हाक मारून थांबवलं, तेव्हा डेल्फिया स्लोनला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. पन्नाशी ओलांडलेली बाई, लेकरांच्या वयाच्या मुलांबरोबर नर्सिंग शिकत होती. कॉलेजात कुणीही हाक मारली की तिला आधी असंच वाटायचं. अर्धं आयुष्य वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात गेलेलं. तिथं हाक आली म्हणजे एकतर रस्सा खारट झालेला असायचा, नाहीतर कुणीतरी कामावर दांडी मारलेली असायची.

"अगं, चेहरा कशाला पाडतेस?" टॅकेटबाई म्हणाल्या. "गुणवंतांच्या मंडळात तुझं नाव निघालंय. ज्यांना वरचे गुण मिळतात त्यांनाच बोलावतात. पुढच्या महिन्यात समारंभ आहे. एकेकाचं नाव पुकारतो, मेणबत्ती लावतो, शपथ घेतो. आणि पदवीच्या दिवशी तुझ्या गळ्यात सोनेरी दोऱ्यांचा मानाचा गोफ! येशील ना?"

नाव पुकारतो म्हटल्यावर डेल्फियाच्या अंगावर काटाच आला. आनंदाचा. मग बाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. मंडळाचं नाव म्हणजे नुसती तीन ग्रीक अक्षरं होती. अक्षरं ग्रीक, वर शपथ, वर मेणबत्त्या. तिचा आनंद जागच्या जागी थिजला.

"विचारून सांगते," ती म्हणाली.

"कुणाला विचारून?" बाईंना हसू आलं. "या वयात?"

रॉकलिकच्या ओढ्याकाठी वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडला नसता. टॅकेटबाई सपाटीवरून आलेल्या होत्या, त्यांना कुठून माहीत असणार?

केंटकीच्या त्या डोंगरात ओढ्याओढ्याला एक चर्च असतं, आणि रॉकलिकच्या चर्चची मंडळी जुन्या वळणाची, बाप्टिस्ट पंथाची. तिथं पियानो नाही, की वर्गणीची थाळी फिरत नाही. पाळक एक ओळ उंच आवाजात म्हणतो, आणि सगळी मंडळी तीच ओळ ताणून, हेलकावे देत गाते. बायका केसांना कात्री लावत नाहीत. शपथ कुणी घेत नाही, कोर्टातसुद्धा नाही. आपलं हो ते हो आणि नाही ते नाही, एवढ्यावर माणसाची पत. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की बंद दाराआडच्या कुठल्याही गुप्त मंडळात सामील व्हायचं नाही. झालात, तर मंडळीतून नाव गेलं म्हणून समजा. नाव गेलं म्हणजे कुणी हाकलून देत नाही. मागच्या बाकावर येऊन बसायला मोकळीक असते. पण प्रभूभोजनाची भाकर समोरून पुढं निघून जाते, आणि कुणी 'सिस्टर' म्हणत नाही. ज्याच्यावर ही वेळ आली त्यालाच ते कसं लागतं ते माहीत.

आणि या मंडळीचा पाळक कोण, तर होबर्ट फ्यूगेट. डेल्फियाचा बाप.

होबर्टनं जन्मभर कोळशाच्या खाणीत काम केलं आणि रविवारी प्रवचन दिलं. दोन्ही कामांचा पैसा सारखाच मिळाला असं तो थट्टेनं म्हणायचा, कारण जुन्या मंडळीत पाळकाला पगार नसतो, आणि खाणीच्या पगाराला तो पगार म्हणायला तयार नव्हता. माणूस उंच, हाडकुळा, बोलायला काटकसरी. स्वतःच्या सख्ख्या भावाला, कॉर्बेटला, त्यानं मंडळीतून काढलं होतं. कॉर्बेट गावातल्या एका बंधुमंडळात सामील झाला होता. त्यांची हात मिळवायची खास पद्धत असायची, आणि खिडक्यांना जाड पडदे. होबर्टनं मंडळीपुढं भावाचं नाव घेतलं, मत मागितलं आणि स्वतःचा हात सगळ्यांत आधी वर केला. मग त्याच रविवारी दुपारी त्याच भावाला घरी जेवायला बसवून स्वतःच्या ताटातला कोंबडीचा तुकडा वाढला. मंडळी मंडळीच्या जागी, भाऊ भावाच्या जागी. होबर्टच्या डोक्यात असे कप्पे पक्के होते.

अशा बापाची लेक ग्रीक अक्षरांच्या मंडळात जाऊ म्हणत होती.

रॉकलिकमध्ये बातमी दाबून ठेवणं म्हणजे परकरात उकळतं पाणी नेण्यासारखं. ब्रदर इश्माएलची नात त्याच कॉलेजात होती. ब्रदर इश्माएल म्हणजे मंडळीतला सगळ्यांत कडक माणूस; दुसऱ्याच्या शिस्तीची काळजी त्याला झोपू देत नसे. रविवारपर्यंत बातमी होबर्टच्या कानावर गेली.

त्या दुपारी डेल्फिया बापाकडं जेवायला होती. होबर्टनं प्रार्थना करून घास घेतला. घेवडा, मक्याचा पाव, वर चिरलेला कांदा. दुसरा घास घेण्याआधी त्यानं विचारलं, "काय ते ग्रीकांचं?"

"गुणवंतांचं मंडळ आहे, बाबा. चांगल्या गुणांच्या मुलांचं."

"आत काय करतात?"

"मला अजून माहीत नाही."

"मग माहीत नाही त्यात पाय घालू नये." होबर्टनं पाव मोडला. "आणि घातलास, तर मला काय करावं लागेल ते तुला सांगायला नको."

"नको."

"कांदा दे."

एवढंच बोलणं झालं. होबर्ट रागावला नव्हता, आणि त्याचंच तिला जास्त भय होतं. चिडलेला माणूस उद्या शांत होतो. हा माणूस शांत राहून हात वर करतो, हे तिनं पाहिलेलं होतं.

तिनं सरळ नाही म्हणून टाकायला हवं होतं. टाकलंही असतं. नाही म्हणायची तिला सवय होती. पण 'नाव पुकारतो' हे दोन शब्द डोक्यातून जात नव्हते, आणि त्याला कारण होतं.

ती नववीत असताना आई अंथरुणाला खिळली. घरात धाकटी भावंडं, बाप खाणीत. होबर्ट एका सकाळी म्हणाला, "डेल्फी, आता तुलाच बघावं लागेल." तिनं दप्तर खुंटीला अडकवलं, ते परत काढलं नाही. कुणाला दोष द्यायचं कारण नव्हतं. ओढ्याकाठच्या निम्म्या मुलींचं तेच झालं. पण वर्षअखेरीला शाळेत बक्षिसं वाटली, तेव्हा मास्तरांनी सगळ्या शाळेपुढं पहिल्या नंबराचं नाव पुकारलं, डेल्फिया मे फ्यूगेट. कुणी उठलं नाही. मास्तरांनी पुन्हा पुकारलं. मग पुढचं नाव घेतलं. संध्याकाळी मैत्रीण येऊन हे सांगून गेली, तेव्हा डेल्फिया आईची चादर पिळत होती. ती "बरं" म्हणाली आणि पिळत राहिली. पण ते नाव जे हवेत तसंच लटकत राहिलं, ते तिच्या मनातून कधी खाली आलं नाही. लग्न झालं, मुलं झाली, नवरा गेला, मुलं सिनसिनाटीला कामाला गेली. मग तिनं राहिलेली शाळा पुरी केली आणि कॉलेजात नाव घातलं. कशाला, असं विचारलं तर म्हणायची, "नर्सचे गुडघे स्वयंपाकिणीपेक्षा जास्त टिकतात म्हणून." लोक हसायचे आणि पुढचं विचारायचे नाहीत. तिला तेच हवं होतं.

शेवटी, समारंभ आठवड्यावर आला तेव्हा, ती कॉर्बेटकाकाकडं गेली. काका ओसरीवर शेंगांचे दोरे काढत बसला होता. ती समोर बसली आणि तिनं न विचारता टोपलीत हात घातला.

"आता आपण दोघं मागच्या बाकावर!" काका खुशीत म्हणाला. "चांगली सोबत होईल मला. त्या बाकाचा एक खिळा वर आलाय, आधीच सांगतो, डावीकडं बसू नकोस."

"थट्टा नको, काका. तुला कशासाठी काढलं ते सांग."

"कशासाठी म्हणजे? गेलो होतो की त्यांच्यात."

"तेवढ्यानंच?"

काकाच्या बोटांतली शेंग थांबली. "तेवढ्यानं नाही. तुझा बाप माझ्या घरी आला होता, मंडळीपुढं विषय काढायच्या आधी. इथंच बसला. म्हणाला, 'कॉर्बेट, तिथं आत काय करता ते सांग. वाईट नसेल तर मी स्वतः उभा राहून तुझी बाजू घेतो.' मी म्हटलं, सांगता येत नाही, शपथ घातलीय. दोनदा विचारलं त्यानं. दुसऱ्यांदा विचारताना डोळ्यांत पाणी होतं त्याच्या." काकानं शेंग मोडली. "आणि आत आम्ही काय करत होतो ठाऊक आहे? पत्ते खेळत होतो, पोरी. पण सांगता येत नव्हतं."

डेल्फिया बराच वेळ शेंगा निवडत बसली. आजपर्यंत तिला वाटत होतं, बापाला ग्रीक अक्षरांचा राग आहे, मेणबत्त्यांचा राग आहे, लेक शेफारेल याचा राग आहे. तसं नव्हतंच. त्याला फक्त जे सांगता येत नाही त्याचा राग होता.

सोमवारी तिनं टॅकेटबाईंना गाठलं. "समारंभात जे होतं, ते सगळं बाहेर सांगितलं तर चालतं का?"

"वर्तमानपत्रात छापतो आम्ही!"

"कुणीही येऊन बघू शकतं?"

"आईबाप येतात, आजीआजोबा येतात, तान्ही बाळं येऊन रडतात. अगं, झालंय काय?"

मग डेल्फियानं सगळं सांगितलं. टॅकेटबाई आधी हसल्या. मग तिचा चेहरा बघून हसायच्या थांबल्या, आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. हे त्यांचं चांगलं होतं. न कळलेल्या गोष्टीला त्या फार वेळ हसत नसत.

"राहिली शपथ," डेल्फिया म्हणाली. "ती मी घेणार नाही. बाकीची मुलं 'शपथ घेतो' म्हणतील तिथं मी 'वचन देते' म्हणेन, आणि हात वर करणार नाही. हे चालत नसेल तर आत्ता सांगा. मी नाही म्हणते आणि जाते."

"आणि वचन पाळशील?"

"दिलं म्हणजे पाळायचंच ना. नाहीतर द्यायचं कशाला?"

"मग मला चालतं," टॅकेटबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी डेल्फिया बापाच्या दारात उभी राहिली, आत न जाता. "बाबा, तुम्ही विचारलं होतं आत काय करतात. मी तुम्हाला सांगणार नाही."

होबर्टनं मान वर केली.

"तुम्ही या आणि बघा. शुक्रवारी. सगळ्यांना मोकळं आहे. बघून तुम्हाला वाईट वाटलं, तर मंडळीत माझं नाव घ्या आणि हात वर करा. मी वाईट वाटून घेणार नाही. पण न बघता करू नका."

जन्मात पहिल्यांदा ती बापाशी इतकं सलग बोलली होती. ती वळली, तशी आतून आवाज आला, "ओढ्याच्या पुलावरून हळू जा. फळी सैल आहे."

शुक्रवारी तो आला. एकटा, स्वतःचा जुना पिकअप चालवत, प्रवचनाचा काळा कोट घालून. सगळ्यांत मागच्या खुर्चीवर, दाराजवळ बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवली. शेजारी ब्रदर इश्माएलची नात बसली होती, मैत्रिणीला बघायला आलेली. तिनं म्हाताऱ्याला बघितलं आणि चुइंगम गिळून टाकलं.

डेल्फिया पुढच्या रांगेत बसली होती. केसांचा घट्ट अंबाडा, निळा लांब झगा. आजूबाजूची पोरं तिला "मिस डेल्फिया" म्हणत होती आणि फोटो काढत होती. तिचं लक्ष फक्त मागं होतं.

आधी प्राचार्य बोलले, ते सगळे प्राचार्य बोलतात तेवढंच आणि तसंच. मग मेणबत्त्या वाटल्या, आणि जुन्या सभासदांनी आपापल्या पेटवल्या. मग कुणीतरी दिवे मालवले, आणि एका विद्यार्थ्यानं वारा येऊन ज्योती विझू नयेत म्हणून हॉलचं दार ओढून घेतलं. दार बंद झाल्याचा आवाज झाला.

अंधार, मेणबत्त्या, वर ग्रीक अक्षरं, आणि आता बंद दार. गुप्त मंडळांबद्दल ब्रदर इश्माएल आजवर जे जे म्हणत आला होता ते सगळं अगदी हुबेहूब समोर उभं होतं. तिला वाटलं, संपलं. एवढ्या वर्षांनी नाव पुकारलं जाणार, आणि बाप उठून जाणार.

मागं खुर्ची सरकली. तिनं वळून बघितलं नाही. बघायचं धाडस नव्हतं. जड बुटांची पावलं दारापर्यंत गेली. दार करकरलं, आणि बाहेरच्या पार्किंगमधला उजेड फरशीवर लांब पसरत आला. ती वाट बघत राहिली, आता दार पुन्हा लागेल, आता गाडी सुरू होईल.

दार लागलं नाही.

"आजोबा, दार लावा ना," तो विद्यार्थी कुजबुजला. "मेणबत्त्या विझतील."

"हातांचा आडोसा करा म्हणावं," होबर्टचा आवाज आला. पाळकाचा आवाज, कुजबुजायची सवय नसलेला. "दार मी धरलंय."

आता मात्र डेल्फियानं वळून पाहिलं. होबर्ट फ्यूगेट उंबऱ्यावर उभा होता, खांदा दाराला टेकवून, टोपी छातीशी धरून. टॅकेटबाईंनी त्याच्याकडं बघितलं, डेल्फियाकडं बघितलं आणि मान डोलावली. पेटत्या मेणबत्त्या धरलेल्या पोरांनी ज्योतींना हातांचा आडोसा केला आणि समारंभ पुढं सुरू झाला.

"डेल्फिया मे फ्यूगेट स्लोन."

माहेरचं नाव मध्ये घालायला तिनंच सांगितलं होतं. ती उठली. गुडघे कुरकुरले, पण ती उठली, आणि पुकारलेलं नाव या वेळी हवेत राहिलं नाही. ती पुढं गेली, तिनं मेणबत्ती लावली. टॅकेटबाई एकेक ओळ म्हणत गेल्या आणि मुलं मागून म्हणत गेली, रॉकलिकच्या मंडळीत गाणं म्हणतात अगदी तसं. फक्त सूर नव्हता. शपथेच्या ठिकाणी सगळ्यांचे हात वर गेले. डेल्फियाचा गेला नाही. ती "वचन देते" म्हणाली, दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

समारंभानंतर केक होता. होबर्ट थांबला नाही. ती धावत बाहेर गेली तोवर पिकअप वळणापार गेला होता. बाप दार धरून उभा राहिला होता, हे खरं. पण मंडळीत तो काय करेल, ते तिला अजून माहीत नव्हतं, आणि होबर्ट फ्यूगेटच्या डोक्यातले कप्पे ती चांगले ओळखून होती.

दुसऱ्या दिवशी मंडळीची महिन्याची बैठक होती. बैठकीत बायका बसतात, बोलत नाहीत. तो तिथला नियम. म्हणजे डेल्फियाला स्वतःची बाजू मांडता येणार नव्हती. ती बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसली. कॉर्बेटकाका मागच्या बाकावर, खिळा चुकवून.

होबर्ट उभा राहिला आणि दर महिन्याला विचारतात ते त्यानं विचारलं, "मंडळीत शांतता आहे का?"

"नाही, ब्रदर होबर्ट." ब्रदर इश्माएल उठला. हे बोलणं त्यालाही जड जात होतं, हे मान्य करायला हवं. "मंडळीतली एक सिस्टर ग्रीक नावाच्या गुप्त मंडळात गेली, असं ऐकतो. कुणाचं कोण ते बघायचं नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"बरोबर बोललात," होबर्ट म्हणाला. त्यानं बायबल मेजावर ठेवलं आणि मेजामागून बाहेर येऊन बाकांमध्ये उभा राहिला, पाळक म्हणून नाही, नुसता माणूस म्हणून. "विचारा मला. मी तिथं होतो."

चर्चमध्ये चुळबुळ झाली.

"दार बंद होतं का?" इश्माएलनं विचारलं.

"एका पोरानं ओढलं होतं. मी उघडून धरलं."

"आत काय केलं?"

"सांगतो." आणि बोलायला काटकसरी असलेल्या होबर्ट फ्यूगेटनं सगळं सांगितलं. ग्रीक अक्षरं तीन आहेत, आणि ती त्यानं एकेक करून म्हणून दाखवली. तुमच्याच नातीला विचारून पाठ केली, म्हणाला. मेणबत्त्या किती बारीक होत्या ते सांगितलं. प्राचार्य फार बोलतात, हेही सांगितलं. "शपथ बाकीच्या पोरांनी घेतली. हिनं घेतली नाही. वचन दिलं, हात खाली ठेवून. मी बघितलं." तो थांबला, दम घेतला. खाणीनं त्याच्या छातीत तेवढाच दम ठेवला होता. "एवढंच झालं. आणि ज्यांना आख्ख्या कॉलेजात सगळ्यांत जास्त गुण पडलेत, त्यांची नावं घेतली. त्यात हिचं नाव घेतलं."

ब्रदर इश्माएल म्हणाला, "सांगता येतं म्हणजे गुप्त नाही. माझ्याकडून शांतता आहे." आणि बसला.

"शांतता आहे," पुरुषांच्या बाजूनं एकेक आवाज आला. मागच्या बाकावर कॉर्बेटकाकानं मोठ्यानं नाक शिंकरलं.

बैठक पुढं जायला हवी होती. होबर्ट मेजामागं गेला नाही. तो बायकांच्या बाजूला वळला, तिसऱ्या बाकाकडं, आणि त्यानं त्याच आवाजात हाक मारली, ज्या आवाजात तो गाण्याची पहिली ओळ द्यायचा.

"डेल्फिया मे फ्यूगेट स्लोन."

तिला काय करावं कळेना.

"बोलायचं नाहीये, पोरी," तिचा बाप म्हणाला. "नुसती उभी राहा. मागं एकदा शाळेत नाव पुकारलं होतं, तेव्हा तू माझ्या घरी होतीस. आता सगळ्यांना नीट बघू दे."

ती उभी राहिली.